बिनविचारी टेकडी

समोर ती लाल टेकडी दिसते ना, तिचं नाव बिनविचारी. हसू नका. शहरातले पाहुणे हे नाव ऐकलं की हसतात. त्यांना वाटतं, विचार नसलेली. मी मन्साराम कुमरे, चाळीस वर्षं या रानात लोकांना वाट दाखवतो आहे, आणि प्रत्येकाला हेच सांगत आलो आहे की बिनविचारी म्हणजे कुणालाही न विचारणारी. चैत्र निम्मा झाला. सागाच्या अंगावर चिंधी नाही, ऐनाचं झाड खराट्यासारखं उभं आहे, नाल्यात पाण्याचा टिपूस नाही. आणि त्या टेकडीवरच्या कोसमांना पालवी फुटली आहे. तुम्ही त्या झाडाला कुसुम म्हणता. पावसाला अजून दोन महिने आहेत, पण पर्वा आहे कुणाला?

सावलीत या, सांगतो.

फार पूर्वी असं नव्हतं म्हणे. तेव्हा माणूस काय नि झाड काय, सगळे पावसाला विचारून वागत. अखजीच्या दिवशी, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, टेकडीवर मातीची चार ढेकळं मांडायची. ज्येष्ठ, आषाढ, श्रावण, भादवा अशी त्यांची नावं. वर पाण्यानं भरलेली घागर ठेवायची. घागर पाझरायची आणि जे ढेकूळ ओलं होईल त्या महिन्यात पाऊस. हा पावसाचा शब्द. तो टोल्याला, म्हणजे आमच्या वाडीला, सांगायचा मान दसरू नावाच्या म्हाताऱ्याचा होता. त्यानं 'हो' म्हटलं की लोक पेरत आणि झाडं पालवत.

पण पाऊस पडला लबाड. एका साली चारही ढेकळं ओली निघाली. चार थेंब शिंपडून गडी जो गेला, तो पोळ्यापर्यंत फिरकला नाही. बी मातीत भाजलं, कोवळी पानं झाडावरच करपली. पुढच्या साली ढेकळं कोरडी. लोकांनी पेरलं नाही, झाडांनी पान काढलं नाही, आणि आभाळ असं फाटलं की उघड्या टेकडीची माती नाल्यानं वाहून गेली. तरी लोक त्यालाच विचारत राहिले. मला राग येतो तो इथं. जो दोनदा खोटं बोलला त्याच्याच दारात तिसऱ्यांदा उभं राहायचं!

तिसऱ्या साली ढेकळं पुन्हा कोरडी निघाली. दसरू म्हणाला, आता टोला उठवायचा आणि मोठ्या नदीकडे जायचं. लोकांनी घरांची छपरंसुद्धा उतरवून खांद्यावर घेतली. दसरूची सून सुकरो हिचे दिवस भरले होते. नवरा पुढे जागा बघायला गेलेला. सासरा म्हणाला, वाटेत कुठं तरी होईल बाळंतपण.

"वाटंत नाई होत," सुकरो म्हणाली. "तुमी जा."

तिची सासू गिरजा तेवढी मागं राहिली.

वैशाखातलं ऊन. छपराविना भिंती नुसत्या तापत होत्या आणि रानात एका झाडावर पान नव्हतं. अशा उन्हात जन्मलेलं लेकरू संध्याकाळ पाहणार नाही, हे दोघींनाही कळत होतं. सासूच्या आधारानं सुकरो टेकडी चढली, कारण वरचा कोसम रुंद फांद्यांचा होता. पण तोही उघडाच. त्याच्या बुंध्याला टेकून तिनं सावली मागितली. झाड म्हणालं म्हणे, पावसानं यंदा नाही म्हटलं आहे.

पावसाला विचारायची ती घागर तिथंच होती. सुकरोनं लाथेनं ती फोडली आणि झाडावर ओरडली, "माह्या पोटातलं लेकरू पावसाले इचारून येऊन रायलं का? त्याचे दिवस भरले, ते येते. तुह्या मुळात पाणी हाय का नाई, ते सांग. पावसाचं मले नको सांगू!"

झाडानं मुळांना विचारलं. असं सांगतात की आजवर त्यानं स्वतःच्या मुळांना कधी विचारलंच नव्हतं. मुळं तर खडकाच्या भेगांतून केव्हाचीच खोल गेली होती, पणज्याच्या काळातला पाऊस मुरला होता तिथवर.

बाईच्या कळा आणि झाडाच्या कळा एकाच दुपारी सुरू झाल्या. फांदी फांदी तडतडली आणि पालवी फुटली. ती हिरवी नव्हती, नुकत्या जन्मलेल्या लेकराच्या तळव्यासारखी लाल होती. मुलगी झाली आणि सावलीत झाली. ते पाहून शेजारच्या कोसमांनाही चेव आला. सांज व्हायच्या आत सगळी टेकडी लाल.

टोल्याचे लोक तोवर दोन कोस गेले होते. कुणीतरी मागं वळून पाहिलं आणि ओरडलं, "वणवा लागला!" आमच्या टोल्याची रीत अशी की माणूस गाव सोडून निघालेला असो की वरातीत असो, वणवा दिसला की विझवायला धावतो. छपरं वाटेत टाकून, काठ्या नि फडे घेऊन सगळे धापा टाकत वर आले. आग झोडपायला हात उगारले आणि तसेच राहिले. ती पानं होती. खाली गिरजा नातीला घेऊन बसली होती. दसरूच्या हातातला फडा गळाला.

"मामाजी," सुकरो त्याला म्हणाली, "पावसाले नका सांगू. जळफळाट होईन त्याचा."

टोला उठला नाही. लोकांनी कोरड्या मातीत धूळपेरणी केली, कुणालाही न विचारता. पाऊस आला तो आषाढ सरताना, चोरासारखा. निम्मं बी उगवलं, निम्मं गेलं. खोटं कशाला सांगू? पण तेवढ्यावर टोला जगला. तेव्हापासून कोसम अखजीची वाटच पाहत नाही, विचारायचा दिवस उजाडायच्या आधीच पालवून मोकळा होतो. साग मात्र अजून विचारतो. पहिली सर पडल्याशिवाय पान काढायचा नाही. मोठ्या घरचा, म्हणून भित्रा.

आता पाऊस पूर्वीपेक्षाही लहरी झाला आहे. मागल्या साली माघातच दोन दिवस कोसळला आणि गायब झाला. कोसम घाईनं पालवले आणि उन्हानं करपले. कॉलेजची माणसं झाडांच्या खोडांना पट्ट्या बांधून मोजमाप करत होती, त्यांनी माना हलवल्या. मी म्हटलं, जरा थांबा. वैशाखात त्याच फांद्यांना दुसऱ्यांदा पालवी आली. बारीक होती, पण आली.

आजही अखजीला आमच्याकडे ढेकळं मांडत नाहीत. टोल्यातली पोटुशी बाई टेकडीवर जाते आणि कोसमाच्या बुंध्यापाशी नवी घागर फोडते. आणि ज्येष्ठात इथं येऊन कुणाला विचारून बघा, "काय म्हणतो पाऊस?" खालच्या बाजारात लोक तुम्हाला तासभर सांगत बसतील. आमच्या टोल्यातली बाई डोक्यावरची बियाण्याची टोपली खाली न ठेवता म्हणेल, "तो म्हणन ते म्हणन. तुमचं वावर तयार हाय का?"