केशरचं बोलणं

फार वर्षांमागे एका उंबरावर केशर नावाची तरणी साळुंकी राहायची. पहिल्याच अक्षराला तिची जीभ अडखळायची, आणि सगळा थवा लाडाने तिचं वाक्य पुरं करून टाकायचा.

एका सकाळी ती धापा टाकत आली. "सा... सा..."

"साय मिळाली का कुठं?" एका मैत्रिणीने विचारलं.

"सावलीत बस आधी, राणी," भागाकाकू म्हणाल्या.

केशरने डोळे मिटून श्वास घेतला. "थांबा! माझं मला बोलू द्या. सा... साप चढतोय, काकू, तुमच्या ढोलीकडे!"

थवा कलकलाट करत सापावर तुटून पडला. साप आल्या वाटेने पळाला.

पिल्लांना पंखाखाली घेत काकू म्हणाल्या, "पोरी, तुला बोलायला वेळ लागला नाही गं. आम्हालाच ऐकायला लागला."