मीठवाल्यांची बोली

फार फार वर्षांपूर्वी, मीठ बैलांच्या पाठीवरून घाट चढून येई तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या एका राज्यात सगळं पिकत होतं, मीठ तेवढं नव्हतं. ते समुद्राकाठचे लोक वर्षातून एकदा आणत. त्यांची बोली निराळी आणि रीतही निराळी. जो आपल्याशी आपल्या बोलीत बोलत नाही, त्याच्या दारात ते गोणी उतरवत नसत.

डोंगरात ती बोली येणारा एकच म्हातारा होता. तो वारला, आणि त्या वर्षी तांडा आला तसा परत गेला. लोकांनी वर्षभर अळणी खाल्लं. एका धनगरिणीच्या मेंढ्या तर मिठावाचून खंगून मरू लागल्या.

राजाने ती बोली शिकवायला दूरच्या नगरातून एक पंडित आणून नेमला. पंडित मोठा विद्वान, पण भलताच काटेकोर. त्याने हजार शब्द गावाकडून घोकून घेतले. जो चुकेल त्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, हा त्याचा नियम. सहा महिन्यांत अख्खं गाव भिंतीकडे बसून झालं, आणि गप्प राहायला मात्र पक्कं शिकलं.

अशात समुद्राकाठची एक म्हातारी यात्रेला जाताना पाय मुरगळून धनगरिणीच्या घरी अडकली. ती मीठवाल्यांच्यातलीच; बोलायला तर डोंगरातलंच माणूस हवं, म्हणून तिने त्यांच्याशी बोलून उपयोग नव्हता. डोंगरातली भाषा तिला मोडकीतोडकी येई, आणि तशीच ती खुशाल बोले. धनगरिणीने तिला गाऱ्हाणं सांगितलं. म्हातारीने तिच्या हातात पाटी दिली.

"माझ्या बोलीत एक थाप लिही," ती म्हणाली. "घडलेलं काही नको."

धनगरिणीने लिहिलं, की एक मेंढी राजाच्या गादीवर बसली. दोन ओळींत पाच चुका होत्या. म्हातारीने एकही खोडली नाही. तिने फक्त विचारलं, "मग पुढे काय झालं?"

आता पुढचं सांगायचं तर शब्द हवे होते. धनगरीण ते मागून मागून घेऊ लागली. हळूहळू शेजारणीही पाट्या घेऊन अंगणात येऊन बसल्या. पंडित नाक मुरडत राहिला.

तांडा आला. पंडिताने निर्दोष स्वागत म्हटलं. तांड्याचा नायक ऐकत राहिला आणि म्हणाला, "पाठ छान केलंस. आता सांग, तुमचं वर्ष कसं गेलं?"

हे त्या हजार शब्दांच्या यादीत नव्हतं. पंडित पुन्हा तेच स्वागत म्हणू लागला. नायकाने बैल वळवायची खूण केली.

तेव्हा धनगरीण पुढे आली. त्या परक्या बोलीत, जमेल तसं, ती म्हणाली, "मीठ नाही. मेंढ्या मेले. लाडकी होती एक, कान काळा. मी रडतो. तुझा वर्ष कशी?"

नायक थबकला. इतक्या वर्षांत कुठल्याच गावात त्याला कुणी हे उलट विचारलं नव्हतं. तो तिथेच धुळीत बसला, आणि वादळात गेलेल्या आपल्या भावाबद्दल बराच वेळ बोलत राहिला. धनगरिणीला त्यातलं निम्मंच कळलं, पण ती उठली नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गोणी उतरल्या होत्या.

तात्पर्य: परकी भाषा घोकून आपली होत नाही, तिच्यात आपल्या मनातलं सांगायचं धाडस केलं, की ती आपली होते.