गव्याच्या ताब्यातलं धरण

एके काळी रानातल्या जनावरांनी मिळून ओढ्यावर धरण बांधलं. वरच्यांना डुंबायला पाणी झालं, खालच्या माळावर भर उन्हाळ्यात गवत उगवू लागलं. धरणाचं दार गव्याच्या ताब्यात होतं.

पावसाळ्यात धरण भरत आलं, तेव्हा खालच्या काठावरची साळिंदरीण वर आली. "दादा, आतापासून थोडं थोडं पाणी सोडा. एकदम सोडलंत तर आमची बिळं बुडतील."

"इतकं पाणी वाया घालवू? भरलेलं धरण बघायला सगळं रान येतं," गवा म्हणाला.

पुढे मुसळधार पाऊस झाला. बांध फुटेल या भीतीने गव्याने दार सताड उघडलं. साळिंदरिणीची पिल्लं बिळातच बुडाली.

पाणी ओसरल्यावर ती धरणावर गेली. गवा हळहळत म्हणाला, "पावसापुढे कोणाचं काय चालतं, ताई?"

तिचे काटे ताठ उभे राहिले. "पावसाने नाही मारली माझी पिल्लं. तू सोडलेल्या पाण्याने मारली. ऊठ त्या दारापासून!"

गव्याने शिंगं रोखली. पण माळावरची सगळी जनावरं तिच्या मागे येऊन उभी होती, आणि एकही मागे सरेना. शेवटी गवाच बाजूला झाला.