पुसायचं बटण

“...आणि ब्लूटूथवाला घेतला तर, चाचा? हजाराच्या आत मिळतो. मोबाइलला जोडला की झालं. का तीन हजाराचा, स्क्रीनवाला घेऊ?”

इलाहीमिस्त्री चहा बशीत ओतत होते. त्यांनी बशीवर फुंकर मारली.

“काय करायचंय त्यानं, सर?”

“स्कॅनरनं? इंजिनचा पिवळा दिवा लागला की कोड वाचायचा. कुठं बिघडलंय ते कळतं. मग पुसायचं.”

“काय पुसायचं?”

“तो कोड. म्हणजे दिवा विझतो.”

मिस्त्रींनी बशी रिकामी केली.

“पुसायला सगळ्यांनाच येतं,” ते म्हणाले. “स्वस्तातला स्वस्त पण पुसतो.”

धनपाल मगदूम कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, आणि वर्षभर दर रविवारी तासगाव नाक्यावरच्या या गॅरेजात मिस्त्रींच्या हाताखाली गाडीचं काम शिकत होता. शिकत होता म्हणजे काय, तर मिस्त्री सांगतील ते ऐकायचं आणि हे आपल्याला आधीच ठाऊक होतं असं मनात म्हणायचं. ऑइल बदलता आलं, प्लग काढता आले, आणि गडी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झाला. आता घरच्या घरी गाडी दुरुस्त करायची तर परवडेल असा स्वतःचा स्कॅनर हवा, तेवढंच विचारायला आलोय, असं तो आल्यापासून दोनदा बोलला होता.

दोनदा बोलावं लागलं, कारण आज तो एकटा आला नव्हता.

पत्र्याच्या सावलीत बाकावर त्याची धाकटी बहीण शोभना बसली होती, मांडीवर एक वही घेऊन. समोर उभी असलेली लाल गाडी तिची. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत ती धनपालची होती. शोभना वाडीवरच्या शाळेत शिकवते, एसटी वेळेवर येत नाही, म्हणून त्यानं आपली गाडी बहिणीला देऊन टाकली. हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, स्वतः चालवत नेऊन तिच्या दारात उभी केली. भावकीत नाव झालं. असा भाऊ मिळायला भाग्य लागतं, असं चारचौघांत कुणीतरी म्हणालं, आणि धनपालनं खाली बघून ते गोड मानून घेतलं.

परवा शाळेच्या वाटेवरच्या चढावर गाडी थरथरली, पिवळा दिवा लागला, आणि इंजिन बंद पडलं. मागं उसाचा ट्रक. ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला, आणि शोभना स्टिअरिंग धरून रडत राहिली. घरी सासू म्हणाली, “चांगली चालती गाडी. बाईच्या हातात गेली आणि बसली.”

दुसऱ्या दिवशी तिनं किल्ली आणून भावाच्या पुढ्यात ठेवली. “अण्णा, तुझी गाडी माझ्याकडनं बिघडली. ठेवून घे. मला नाही जमायचं.”

तेव्हा धनपाल काय म्हणाला?

तो म्हणाला, “असू दे. नव्या हाताला होतं असं.”

मोठ्या मनानं माफ केलं होतं त्यानं तिला.

आज तो तिच्या घरून गाडी एकटाच घेऊन निघत होता, तर ती शेजारी येऊन बसली. मिस्त्रींच्या तोंडून ऐकायचंय म्हणाली, माझं नक्की काय चुकलं ते. नको म्हणायला त्याला कारण सुचलं नाही.

“पण चाचा, कंपनी कुठली बघू?” धनपालनं परत सुरू केलं. “गॅरंटीचं काय?”

मिस्त्री उठले. खुंटीवरचा आपला स्कॅनर त्यांनी काढला. जुना, वायरवाला, अर्धा चिकटपट्टीनं गुंडाळलेला. गाडीचं दार उघडून त्यांनी तो स्टिअरिंगखाली जोडला आणि किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागलेलाच होता.

“तिसऱ्या सिलिंडरला ठिणगी पडंना,” ते म्हणाले. “कॉइल गेलीय.”

“मला तसंच वाटलं होतं,” धनपाल म्हणाला. सवयीनं म्हणाला. म्हटल्यावर त्यानं चटकन बाकाकडं बघितलं.

मिस्त्रींनी त्याच्याकडं बघितलं नाही. ते बटण दाबत पुढची पानं बघत होते. एका पानावर थांबले.

“ताई,” त्यांनी हाक मारली, “तुमच्याकडं गाडी किती चालली असेल?”

शोभनानं वही उघडली. “दोनशे दहा किलोमीटर. अण्णानं दारात आणली तेव्हाचा आकडा लिहून ठेवलाय मी. तिथपासनं आज इथपर्यंत.”

“नक्की?”

“रोज लिहिते.”

मिस्त्रींनी स्कॅनर धनपालच्या पुढं धरला. एका ओळीत लिहिलं होतं, कोड पुसल्यानंतर गाडी किती चालली. आकडा दोनशे अठरा.

धनपालला ठाऊक नव्हतं, की गाडी हेही मोजते.

“सर,” मिस्त्री हळू आवाजात म्हणाले, “तुमच्या घरापासनं ताईंचं घर किती लांब?”

“तसं जवळच आहे.”

“किती?”

“आठ.”

मिस्त्रींनी मान हलवली. पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, धनपाल काहीतरी उत्तर जुळवत बसला असता. गाडी त्याच्याकडंच असताना पिवळा दिवा दोनदा लागला होता. दोन्ही वेळा त्यानं कॉलेजातल्या मित्राचा स्कॅनर आणून तो पुसला होता. दुसऱ्या वेळी अगदी गाडी द्यायच्या दिवशी सकाळी, लिंबू आणायच्या आधी. सेन्सरचं काहीतरी असेल, असं स्वतःला सांगितलं होतं. भेट दिव्यासकट द्यायची लाज वाटली होती त्याला. आता जी वाटत होती तिच्यापुढं ती काहीच नव्हती.

“चाचा... तिला सांगू नका.”

“मी कशाला सांगू?”

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. जुनी कॉइल काढली, फडक्यानं जागा पुसली, नवी बसवली, दाबून बघितली. पाना ठेवला. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. धनपाल शेजारी उभा राहून बघत होता. हे काम त्यालाही येत होतं. एवढंसं काम.

“झालं,” मिस्त्री म्हणाले. वायर लांबवून त्यांनी स्कॅनर धनपालच्या हातात दिला. “पुसा.”

“तुम्हीच पुसा की.”

“तुम्हाला येतंय की.”

धनपालनं बटणावर अंगठा ठेवला.

“पुसलं की सगळंच पुसतं, सर,” मिस्त्री हात धूत म्हणाले. “दिवा, कोड. तो आकडा पण. परत शून्यापासनं. कुणाला काय कळत नाही.”

अंगठा बटणावर होता. दाबायला जोर लागत नव्हता. आजवर दोनदा त्यानं असलं बटण चहा पिता पिता दाबलं होतं. शोभना बाकावरून बघत होती, शाळेत निकाल लागायच्या दिवशी पोरं बघतात तशी. आता मिस्त्री सांगतील तिचं काय चुकलं. मिस्त्री तर नळावर हातच धूत होते, साबण केव्हाच संपला तरी.

धनपालनं अंगठा उचलला.

“शोभा... जरा इकडं ये.”

ती आली. त्यानं स्कॅनर तिला दाखवला. आकड्यावर बोट ठेवलं, पण बोलताना नजर वर उचलली नाही.

“दिवा माझ्याकडंच लागला होता. तुझ्याकडं यायच्या आधी. मी तो पुसून तुला गाडी दिली. त्या दिवशीच सकाळी.”

ती आकडा बघत राहिली. आपल्या वहीकडं एकदा, स्कॅनरकडं एकदा. आठाचा हिशेब लागायला तिला वेळ लागला नाही.

“म्हणजे माझ्याकडनं नाही बिघडली?”

“नाही.”

“तुला माहीत होतं? मी किल्ली घेऊन आले, तेव्हा?”

“...होतं.”

“आणि तू म्हणालास, असू दे.”

धनपालनं स्कॅनर खाली केला.

तिनं वहीचं पान उलटलं आणि त्याच्यापुढं धरलं. सुवाच्य, मास्तरणीचं अक्षर. वर लिहिलं होतं ‘माझ्या चुका’. चढावर दुसरा गिअर उशिरा टाकला. क्लचवर पाय ठेवून चालवते का, विचारणे. पेट्रोल कमी असताना नेली होती. अशा अकरा. शेवटची ओळ खोडून परत लिहिली होती: ‘भीती वाटते, ती गाडीला कळत असेल का?’

धनपालनं पूर्ण पान वाचलं. वाचायचं नव्हतं, तरी वाचलं. चाळीस पोरांपुढं कधी शब्द न अडलेला माणूस, त्याला तीन शब्द जुळवायला घाम फुटला.

“चुकलं माझं, शोभा.”

ती ‘असू दे’ म्हणाली नाही.

वही मिटून तिनं काखेत धरली. किल्ली गाडीलाच होती. ती वळून गाडीत बसली, भाऊ नेहमी बसायचा त्या जागेवर, आणि सीट पुढं ओढून घेतली. दार लावलं. पट्टा लावला. क्षणभर स्टिअरिंग नुसतंच धरून बसली. मग किल्ली फिरवली.

इंजिन एकसारखं चालू लागलं. पिवळा दिवा अजून तसाच होता.

धनपाल खिडकीशी स्कॅनर धरून उभा. वायर आत गेलेली, त्यामुळं त्याला हलताही येईना. मिस्त्री टॉवेलला हात पुसत शेजारी येऊन थांबले.

“चाचा,” त्यानं खालच्या आवाजात विचारलं, “आता पुसू का?”

“मला काय विचारता, सर? त्यांना विचारा.”