झुंबरची मखमली शिंगं

माणसानं अजून कुऱ्हाड घडवली नव्हती, तेव्हा एका सागवनात झुंबर नावाचा सांबर राहायचा. दरवर्षीसारखी जुनी गळून त्याला नवी शिंगं फुटली होती. कोवळी, आत रक्त खेळणारी, वर मखमलीसारखी लव. ती दुखावू नयेत म्हणून कळप त्याला वाट करून द्यायचा, झुंजीच्या वेळी मागे ठेवायचा. झुंबरला हे चांगलंच मानवलं.

पावसाळा सरला. शिंगं आतून हाडासारखी टणक झाली, वरची लव वाळून तडकली. बाकीचे नर झाडांवर शिंगं घासून ती सोलू लागले. त्यांच्या शिंगांवरून लोंबणाऱ्या रक्ताळ चिंध्या पाहून झुंबर नाक मुरडायचा, "शी! काय हे अवतार!"

तांबडी नावाची लेकुरवाळी सांबरीण एकदा वैतागून म्हणाली, "रावसाहेब, तुम्हीही घासा की. केव्हाच निबर झालीत!"

"छे गं, अजून कोवळी आहेत."

एका सकाळी पाणवठ्यावर रानकुत्र्यांनी तांबडीच्या पाडसाला घेरलं. "अहो, पुढे व्हा!" ती ओरडली. झुंबर मान सांभाळत मागे सरकला. "माझी शिंगं दुखतील ना!"

शेवटी ते चिंध्या लोंबणारे नरच शिंगं रोखून धावले, तेव्हा कुत्री पांगली. पाडस लंगडत आईला बिलगलं.

दुसऱ्या दिवशी झुंबर शिंगं घासून, लखलखीत करून आला. "बघ तांबडे, आहेत का कुणाची अशी?"

पाडसाची जखम चाटता चाटता तांबडीनं वर पाहिलं. "सुरेख आहेत हो. आता गळून पडेपर्यंत अशीच जपा."