चिंचटोल्याचा कलकलाट

चिंचटोल्याच्या तलावाकाठी सात जुन्या चिंचा आहेत. त्यांवर बगळे आणि पाणकावळे इतके बसतात, की नवखा माणूस कानांवर हात ठेवतो. "केवढा हा कलकलाट!" असं कुणी वैतागून म्हटलं, की गावातला म्हातारा तुकडू आजा हसतो. बाकी मुलखात हा शब्द पोरांना दटावायला वापरतात. चिंचटोल्यात मात्र तो आशीर्वादाला लागतो. त्याची गोष्ट आजा सांगतो, ती अशी.

फार मागे इथे मासे धरणाऱ्या ढिवरांपैकी पारबता नावाची बाई होती म्हणे. तिचा नवरा उकंडा डोंगा, म्हणजे लहान होडी, घेऊन चार दिवसांसाठी पल्याडच्या काठी मासे धरायला गेला होता. घरात तान्ही लेक तापाने फणफणलेली. पोरीचा जरा डोळा लागावा, की पाखरांनी आभाळ डोक्यावर घ्यावं. पारबता तर उभ्या उभ्या पेंगायची. तिसऱ्या दिवशी तिने गावापुढे हात जोडले. "हाकला हो त्याईले. नाही तं पोरगी जाते माही."

गावाला दया आली. चिंचांखाली ओल्या गवताचा धूर केला, ढोल बडवले, घरटी पाडली. पाखरं उठून गेली. त्या दुपारी पोर गाढ झोपली, आणि संध्याकाळी तिचा ताप उतरला. पारबताही भिंतीला टेकून झोपली.

सकाळी दाट धुकं. हात पुढे केला तर बोटं दिसेनात. उकंडा यायचा दिवस तोच. पारबता दारात येऊन उभी राहिली, तर चिंचांवरून एकही आवाज येत नव्हता. धुक्यात सगळे डोंगे पाखरांच्या कलकलाटाच्या रोखाने काठाला लागत. चुकलेला डोंगा सरळ शेवाळाच्या दलदलीत जाई, आणि तिथून कुणी परतत नसे. रोजचंच म्हणून हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग ती चिंचेखाली उभी राहून ओरडू लागली. हाक नाही, नाव नाही. पाखरासारखं कर्कश, घसा फाडून. बाया धावल्या, त्यांनी तिला पाणी पाजलं. ती थांबली नाही. सूर्य वर चढेतो तिच्या घशातून रक्त येऊ लागलं होतं, असं सांगतात.

धुकं विरता विरता डोंगा काठाला लागला. उकंडा उतरला आणि म्हणाला, "आज एकच पाखरू वरडत होतं व. बाकीची कोठी गेली? त्याच्याच मांगं आलो मी."

पारबताने तोंड उघडलं, पण आवाज नव्हता. तो आवाज पुन्हा कधी आलाच नाही. पाखरं आपणच हाकलली, या शरमेने गावानेही उकंडाला काही सांगितलं नाही. ते एकटं पाखरू तो जन्मभर चिंचांवर शोधत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात पाखरं आपणहून परतली. लेकीचं लग्न झालं तेव्हा मुक्या आईने तिच्या डोक्यावर हात ठेवून चिंचांकडे बोट केलं, आणि तिच्या वतीने बाया म्हणाल्या, "तुझ्या दारी कलकलाट राहो."

आजही चिंचटोल्यातून लेक सासरी निघाली, की हेच म्हणतात. आणि आजही धुक्याच्या सकाळी, पाखरं जरा गप्प वाटली, तर गावातली कुणी ना कुणी बाई हातातलं काम टाकून काठावर येते आणि घसा ताणून ओरडते. तलावात कुणाचा डोंगा आहे, हे ती विचारत नाही.