तिन्ही संगणकांवर पोचलेली मेल

“पण बाबा, तिन्हींवर सारखं चालेल असं एक तरी सॉफ्टवेअर असेल ना?”

भिकनशा फकिरांनी चुलीत एक काटकी सारली. डोंगरावरच्या त्यांच्या झोपडीत ढग शिरला होता. दारातून आत येऊन तो चुलीपाशी शेकत बसल्यासारखा दिसत होता.

विचारणारा निरंजन कुलथे एका कारखान्याच्या ऑफिसात संगणक विभागाचा प्रमुख होता. खरेदीवाल्यांकडे विंडोज, नकाशे काढणाऱ्यांकडे मॅक, प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडे लिनक्स. मेलचं आणि एकत्र काम करायचं सॉफ्टवेअर मात्र सगळ्यांना एकच हवं होतं. ते त्याने निवडायचं होतं.

“नाही सापडलं तर?”

“दिगंबर जाईल. नकाशे विभागाचा प्रमुख. अकरा वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो, बाबा. मागच्या वेळी मी निवडलेलं त्याच्या लोकांना जमलं नाही. तेव्हापासून बोलत नाही. आता राजीनामा दिलाय. शनिवारी शेवटचा दिवस… योग्य ते सापडलं, तर थांबेल तो.”

“मग शोधलंस?”

निरंजनने पिशवीतून जाड अहवाल काढला. जरा ताठ बसला.

“बेचाळीस पानं. नऊ सॉफ्टवेअर. एका संगणकावर ठरवलेली मीटिंग दुसऱ्यावर तासभर सरकते का, जोडलेली फाईल पलीकडे उघडते का, सगळं तपासलंय. एवढी तुलना आमच्याकडे कुणी केली नसेल.”

“कशी केलीस?”

“माझ्या टेबलावर तीन संगणक मांडले. एकावरून मेल पाठवायची, बाकी दोन्हींवर बघायची.”

“पाठवायचं कोण?”

“मी.”

“आणि उत्तर?”

“तेही… मीच.”

“काय लिहायचास?”

“‘मिळाली का?’ आणि मग… ‘मिळाली.’”

“वा! भांडण नाही, तंटा नाही.”

निरंजन हसला नाही.

“दिगंबरला पाठवलाय हा अहवाल. त्याने उघडल्याची खूण दिसते. पण उत्तर नाही.”

“बसतो कुठे तो?”

“माझ्या पार्टिशनच्या पलीकडे.”

फकीर उठले. झोपडीच्या मधोमध आडभिंतीसारखा एक कूड होता, मातीने लिंपलेला. त्याला वळसा घालून ते पलीकडे गेले.

“बाबा?”

निरंजनने मान लांबवून पाहिलं.

“बाबा, ऐकू येतंय ना?”

पलीकडून फक्त खोकल्याचा आवाज आला.

निरंजनने अहवाल उघडला आणि कुडाकडे तोंड करून वाचू लागला. पहिलं पान. दुसरं. ढग दाट होत गेला. अक्षरं पुसट झाली. सातव्या पानाशी त्याला स्वतःचा आवाज लांबून येतोय असं वाटू लागलं, झोपेत दुसराच कुणी बोलत असावा तसा.

तो थांबला.

…

मग पानं तशीच खाली ठेवून तो उठला. कुडाला हात लावत लावत, पांढऱ्या धुक्यातून, पलीकडे गेला. सात-आठ पावलं होती.

फकीर घोंगडीच्या एका कडेला बसले होते. दुसरी कडा रिकामी होती.

“ये, बेटा,” ते म्हणाले. “किती वेळ लावलास.”